नियमात बसणारा धूर

दंतवैद्यांची मोटारसायकल सकाळी सुरू व्हायला तयार नसे, आणि सुरू झाली की ते साऱ्या इमारतीला कळल्याशिवाय राहत नसे. दोन्हीचं कारण एकच होतं, कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा एकत्र कालवून इंजिनाला पाजणारं हे लहानसं भांडं म्हातारं झालं होतं आणि त्याचा अंदाज सुटला होता. गारठ्यात ते पेट्रोल कमी द्यायचं, उन्हात जास्त द्यायचं, आणि दवाखान्यात पेशंट गाल धरून बसला असेल त्या दिवशी अजिबात द्यायचं नाही.

गाडी मूळची सासऱ्यांची. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर त्यांनी ती जावयाच्या हवाली केली होती, पण ताबा सोडला नव्हता. ते वरच्या मजल्यावर राहत आणि रोज सकाळी गॅलरीतून ओणवे होऊन मार्गदर्शन करत.

"चोक ओढा, जावईबापू!"

"ओढलाय, बाबा."

"मग सोडा आता!"

"सोडला."

"मग ओढला कशाला होतात?"

पुष्कळ किका खाऊन झाल्यावर गाडी एकदम खेकसत उठायची आणि निळसर धुराचा लोट सरळ वर जायचा. वर दंतवैद्यांच्याच घराची खिडकी होती. खिडकीआड त्यांच्या बायकोचा गाण्याचा वर्ग भरायचा. विद्यार्थिनी डोळे मिटून सूर लावायच्या, आणि सुराच्या जागी खोकला यायचा. एकीच्या आईने तर चौकशी केली होती, की हा खोकला शिकवणीत धरलेला आहे की वेगळा.

एके दिवशी बायकोने पेटीचं झाकण बंद केलं. जोरात नाही, सावकाश. दंतवैद्य त्यामुळेच घाबरले.

"अहो, आता या खिडकीखाली एक तर तुमची गाडी राहील, नाही तर वर माझा वर्ग."

"अगं, पण वर्ग नेशील कुठे?"

"तुमच्या दवाखान्यात. आ करून बसायची सवय असलेली माणसं तिथे येतातच."

दंतवैद्यांनी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. गाडी विकावी तर वर सासरे होते, ठेवावी तर घरात बायको होती. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला: गाडी ठेवायची, कार्ब्युरेटर काढायचा आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवायचं. म्हणजे पेट्रोल किती द्यायचं, हे एका भांड्याच्या लहरीवर न ठेवता एका छोट्या संगणकावर सोपवायचं. हवा किती आली, इंजिन किती तापलं, जळून गेल्यावर ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सर त्याला कळवणार आणि त्याच्या हुकमाने इंजेक्टर बारीक छिद्रातून मोजका फवारा मारणार. बारीक छिद्र, मोजका फवारा, उघड्या तोंडात नळी! दंतवैद्यांच्या मनात आलं, हा तर आपलाच व्यवसाय आहे.

काम घरीच सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर इंजिनाची झाकणं आली आणि ताटं मांडीवर गेली. भंगारातल्या एका स्कूटरचा इंजेक्टर दवाखान्यात अवजारं धुण्याच्या यंत्रात थरथरून लख्ख झाला. इंजिनाच्या ज्या तोंडातून हवा आत जाते, त्याचं माप त्यांनी कवळीसाठी घेतात तसं गुलाबी मसाल्याने घेतलं. घेताना "अजून थोडं मोठं उघडा" असं सवयीने म्हणूनही झालं. कवळ्या करून देणाऱ्या माणसाने तो साचा हातात धरून बराच वेळ पाहिला आणि "पेशंटला खाता येतं ना?" एवढंच विचारलं. पेट्रोलच्या पंपाची चाचणी न्हाणीघरात बादलीत झाली. त्या दिवशी घरात कोणी गॅस पेटवला नाही. जेवण थंड होतं, बोलणं तेवढं गरम होतं.

मधे एकदा ते अडले. इंजिन फिरताना कुठल्या क्षणी कुठे पोचलंय, हे संगणकाला कळावं म्हणून एक दातेरी चक्र बसवायचं असतं, आणि त्यातला एक दात मुद्दाम काढून टाकायचा असतो. त्या रिकाम्या जागेवरून संगणक हिशेब लावतो. इथवर दंतवैद्यांना स्वतःबद्दल शंका होती. दात काढायचाय, हे वाचल्यावर ती गेली.

शेवटी एका सकाळी ते खाली उतरले, गाडीवर बसले आणि किकेच्या जोडीला नवंच बसवलेलं बटण दाबलं. वर सासरे गॅलरीत सज्ज होते.

"किक मारा, जावईबापू!"

"लागत नाही, बाबा. सुरू झाली."

"कोण सुरू झालं?"

खिडकीतून बायको डोकावली. तिने नाक पुढे करून हुंगून पाहिलं. आत कोणीतरी लांबलचक, स्वच्छ सूर लावला होता आणि तो मधे कुठे तुटत नव्हता. बऱ्याच दिवसांनी तिने नवऱ्याकडे पाहून हात हलवला. दंतवैद्यांना वाटलं, आपण आयुष्यात काहीतरी नीट केलं.

हा समज धूर तपासणीची तारीख येईपर्यंत टिकला.

धूर तपासणी केंद्र म्हणजे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. तिच्यात एक संगणक, एक यंत्र, यंत्राची लांब नळी, आणि हे सगळं सांभाळणारा एक गृहस्थ. त्याला सगळे धूरवाला म्हणत. तिथलं प्रमाणपत्र खिशात असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नसे. धूरवाल्याने नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातली आणि पडद्याकडे पाहिलं.

"गाडी सुरू करा, डॉक्टर."

"सुरूच आहे."

"संगणक म्हणतोय बंद आहे."

"हात लावून बघा की."

"मी हात लावून काय उपयोग? प्रमाणपत्र मी देत नाही, संगणक देतो." तरी त्याने गाडीवर हात ठेवला, आणि तो चक्रावला. "थरथरतेय खरी. पण हे बघा, या वर्षाच्या या गाडीने इथपासून इथपर्यंत धूर सोडायचा असतो. याच्यावर गेला तर नापास."

"आणि खाली आला तर?"

"खाली कोणी आलंच नव्हतं आजवर."

त्याने भीतभीत एक कळ दाबली. संगणकाने जरा वेळ घेतला आणि लाल अक्षरांत लिहिलं: संशयास्पद स्वच्छता. वाहनमालकाने परिवहन कार्यालयात हजर व्हावे.

कार्यालयात त्या वेळी स्वच्छ हवा पंधरवडा साजरा होत होता. भिंतीवर 'धूर कमी करा' असा फलक होता आणि त्याच्याखाली साहेब एका हाताने गाल धरून बसले होते.

"धूर कुठे गेला?" साहेबांनी विचारलं.

"नाहीसा झाला, साहेब."

"नोंदीत असलेली वस्तू अशी नाहीशी होत नसते, डॉक्टर. तिची विल्हेवाट दाखवावी लागते."

"पण तुमच्या मागेच लिहिलंय, धूर कमी करा."

साहेबांनी मागे वळून फलक पूर्ण वाचला. बहुधा पहिल्यांदाच. "कमी करा असं लिहिलंय. तुम्ही संपवलात. आम्ही जनजागृती करतो, तिचा असा अर्थ काढून लोक कृती करायला लागले, तर पुढच्या वर्षी पंधरवडा कशाचा करायचा?" मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही कार्ब्युरेटर काढलात. म्हणजे गाडीच्या रचनेत बदल केलात. त्याला गाडी बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. ती आणा."

"कंपनी बंद पडली."

"का?"

"गाड्या फार धूर सोडायच्या म्हणून."

"मग तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, "परवानगी मिळणार नाही." आणि त्यांनी गाल दाबून डोळे मिटले.

दंतवैद्य खुर्चीतून पुढे वाकले. धंद्याची नजर स्वस्थ बसू देत नाही. "अक्कलदाढ आहे का?"

"उशिरा येतेय," साहेब पुटपुटले.

"आत जागा नसेल तिला. तसं होतं पुष्कळांचं. काढावी लागेल."

दुसऱ्याच दिवशी साहेब दवाखान्याच्या खुर्चीत आडवे होते. गालाच्या दोन्ही बाजूंना कापूस, जिभेखाली लाळ ओढणारी नळी, डोक्यावर दिवा. दंतवैद्यांनी गरगर फिरणारं यंत्र दाढेजवळ नेलं, आणि ही संधी पुन्हा येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"साहेब, तुमच्याच तोंडून एकदा कळू दे. मी आता काय करू?"

साहेबांचे डोळे यंत्रावर खिळले होते. ते मोठमोठे होत गेले. "ऊर अआ!" ते ओरडले. "ऊर अआ!"

दंतवैद्यांचं निम्मं आयुष्य असली भाषा ऐकण्यात गेलं होतं. व्यंजनांची त्यांना फारशी गरज पडत नसे. "धूर करा?"

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे हनुवटी धरून ठेवलेल्या माणसाला सांगता येत नाही. दंतवैद्यांनी तो आदेश समजून दाढ काढली.

आणि धूर करायला घेतला. आता हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. इंजिन इतकं स्वच्छ जळत होतं की त्याच्याकडून धुराची अपेक्षा करणं म्हणजे त्याचा अपमान होता. तेव्हा त्यांनी दुसरा एक इंजेक्टर घेतला, तो सायलेन्सरच्या नळीवर बसवला आणि त्याला पेट्रोलऐवजी इंजिनऑइल जोडलं. तापलेल्या नळीत ऑइलचा बारीक तुषार पडला की धूर. किती पडायचा, केव्हा पडायचा, हे सगळं त्याच छोट्या संगणकाकडे. ज्या यंत्रणेने धूर घालवला होता, तीच आता तो मोजून मापून तयार करू लागली.

पहिल्याच चाचणीला लोट उठला आणि थेट खिडकीत शिरला. वर सासऱ्यांनी कठडा घट्ट धरला. "आता कशी गाडी वाटते!" ते भरल्या आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भावनेचं होतं की ऑइलचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बायको खाली आली. पदर नाकाला लावलेला होता. "अहो, धूर काढायला एवढे दिवस घालवलेत. आता घालायला लागलात?"

"थोडासाच गं. नियमापुरता."

"नियमाला फुप्फुसं नसतात. मला आहेत, आणि वर बसलेल्या पोरींनाही आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने पेटी उचलली आणि वर्ग दवाखान्यात नेला. बाहेरच्या बाकांवर विद्यार्थिनी सूर लावायच्या. आत खुर्चीतला पेशंट तोंड उघडून बसलेलाच असे, त्यामुळे तोही नकळत त्यांच्यात सामील व्हायचा. एका आजोबांची दाढ भरून झाली तरी ते उठेनात. म्हणाले, एवढा आलाप पुरा होऊ द्या.

दंतवैद्यांना हे सहन होत नव्हतं, पण त्यांचा हात आता धुरात अडकला होता. केंद्रावर गेले की एकदा धूर जास्त भरायचा, एकदा कमी. परत येऊन ते गाडीखाली आडवे व्हायचे, छातीवर लॅपटॉप घेऊन तुषार बारीक करायचे, पुन्हा जायचे. मधे साहेब टाके काढायला आले, तेव्हा दंतवैद्यांनी अभिमानाने सांगितलं, "तुम्ही म्हणालात तसा धूर केला."

"मी म्हणालो?" साहेब उठून बसले. "अहो, दूर करा म्हणत होतो मी! ते गरगरतं यंत्र दूर करा!"

बाहेर कोणीतरी वरचा सूर लावत होतं. साहेबांनी जिभेने दाढेची रिकामी जागा चाचपली, आणि म्हणाले, "पण केलाच आहात, तर आता राहू द्या. नियमात बसतो."

धूर अगदी नेमका जमला, त्या दिवशीची गोष्ट. दंतवैद्य इमारतीखाली गाडीच्या पोटाशी आडवे पडून शेवटचा पेच आवळत होते. बायको भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आली. तिने पिशवीतून कोथिंबिरीखालचा एक कागद काढून त्यांच्या छातीवर ठेवला.

"हे घ्या तुमचं प्रमाणपत्र."

दंतवैद्यांनी पडल्या पडल्या वाचलं. त्यांच्या गाडीचा क्रमांक, त्यांच्या गाडीचा धूर, खाली शिक्का, उत्तीर्ण. "हे कुठून आणलंस?"

"केंद्रातून. मंडईच्या वाटेवरच तर आहे."

"पण गाडी?"

"गाडी इथेच आहे. तुम्हीच तिच्याखाली आहात. मोबाइलमध्ये तिचा फोटो होता, त्यात नंबर दिसत होता. तेवढा त्यांना पुरला."

उठताना दंतवैद्यांचं डोकं आपटलं, तेही त्यांना कळलं नाही. हाताचं ऑइल न पुसता ते गाडीवर बसले आणि निघाले. वाटेत त्यांनी बोलायचं सगळं मनात रचलं. प्रामाणिकपणावर बोलायचं होतं, जबाबदारीवर बोलायचं होतं, आणि दातेरी चक्रावरही थोडं बोलायचं होतं.

केंद्रापुढे माणसांची लांब रांग होती. त्यात गाडी एकही नव्हती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये फोटो. आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला एक जुनाट स्कूटर उभी होती. यंत्राची नळी तिच्या सायलेन्सरमध्ये खुपसलेली होती आणि धूरवाला घामाघूम होऊन तिला किका मारत होता.

"गाडी न बघता प्रमाणपत्र दिलंत तुम्ही?" दंतवैद्य गरजले.

"गाडी बघूनच देतो की डॉक्टर. ही बघतो." त्याने स्कूटरवर थाप मारली. "केंद्र उघडल्यापासून सगळ्या शहराच्या वतीने हीच धूर सोडते. नियमात बसेल एवढाच सोडते, गुणाची आहे. पण वहिनींचं प्रमाणपत्र निघालं आणि हिने मान टाकली बघा."

"मग माझी गाडी का तपासलीत?"

"तुम्ही गाडी घेऊन आलात ना! गाडी घेऊन कोण येतं? मला वाटलं मला तपासायला वरून तुम्हालाच पाठवलंय. म्हणून घाबरून खरी तपासणी केली. नंतर तुम्ही येतच राहिलात, तर मलाही कुठे थांबावं कळेना."

दंतवैद्यांनी रचलेलं भाषण तोंडाशी आलं होतं. पण रांगेतली माणसं भोवती जमली. त्यांतले निम्मे त्यांचे पेशंट होते. एक बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या गाडीची मुदत आज संपतेय हो. तुम्हाला गाड्यांमधलं कळतं ना?"

त्यांनी वाकून स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला. आत गाळ साचला होता. "कचरा अडकलाय. साफ करून देतो."

"साफ नका करू!" धूरवाला मधे आडवा आला. "साफ झाली की धूर बदलेल. मग हिचा मला काय उपयोग?"

दंतवैद्य सरळ झाले. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आपल्या गाडीकडे पाहिलं. इतक्या कष्टाने, केसाइतका अचूक जमवलेला धूर त्या गाडीत होता आणि जगात त्याची कदर करणारं कोणी नव्हतं. प्रामाणिकपणाचा मुद्दा जिभेवरून हळूच मागे सरकला आणि कारागिराचा अभिमान पुढे आला.

"तुम्हाला किती धूर हवाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"स्कूटरचा हवा असेल तर स्कूटरचा देतो. मोटारीचा म्हणाल तर मोटारीचा." त्यांनी लॅपटॉप उघडला. "ट्रकचा जरा जड जाईल, पण जमवतो."

नळी स्कूटरमधून निघून मोटारसायकलमध्ये गेली. बटण दाबलं. धूर आला, तेवढाच, जेवढा यायला हवा होता. संगणकाने हिरव्या अक्षरांत उत्तीर्ण लिहिलं आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. त्या बाई तर डोळे पुसत होत्या. वाऱ्याची दिशा त्यांच्याकडे होती.

तेव्हापासून दंतवैद्यांची मोटारसायकल केंद्रातच असते. खिडकीखालची जागा मोकळी झाली आणि गाण्याचा वर्ग घरी परत आला. दंतवैद्य दवाखान्यात चालत जातात. सासरे सकाळीच रिक्षाने केंद्रावर जाऊन खुर्ची टाकून बसतात आणि धूरवाल्याला बटण कसं दाबायचं ते सांगतात. पंधरवड्याच्या समारोपात साहेबांनी जाहीर केलं, की शहरातलं एकही वाहन मर्यादेबाहेर धूर सोडत नाही, याला कार्यालयाची नोंद साक्षीला आहे. त्यात शब्दही खोटा नव्हता. साहेबांना मधेच ठसका लागला म्हणून भाषण आवरतं घ्यावं लागलं, एवढंच.

तुम्ही वाचताना हसला असाल, तर उत्तम. आता जमल्यास आपल्या गाडीतलं प्रमाणपत्र काढून पाहा. धुराचा आकडा किती सुबक आलाय! ज्या दिवशी तो छापला गेला त्या दिवशी तुमची गाडी कुठे उभी होती, हे आम्ही विचारणार नाही. तो धूर दंतवैद्यांच्या गाडीचा आहे, तुम्ही निश्चिंत असा. तुमच्या गाडीचा खरा धूर कुठे गेला, याचाही शोध घ्यायला नको. तो आत्ताच, हे वाक्य वाचता वाचता, तुम्ही आत घेतलात.